सोसायटीत ऊर्जातज्ज्ञ व्हायचंय?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, एवढ्यापुरतंच. पोहे संपले, जिलबी संपली, ठराव काही झाला नाही. पण ज्ञान इतकं सांडलं की एकट्याने गिळणं बरं नव्हे. तेव्हा इंदूरकरांनो, ऐका.

कुणी ‘सोलर’ म्हटलं रे म्हटलं की विचारा, “आणि रात्री?” सूर्य मावळतो हा शोध आपलाच, असा चेहरा हवा. दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते, असं कुणी सांगू लागलं तर मोबाइल काढा. लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, ही खरी अडचण मात्र काढू नका. त्यासाठी आधी काहीतरी वाचावं लागतं.

पवनचक्की? “पक्षी मरतात.” पुढचा विषय.

अणुऊर्जा निघाली की ‘चेर्नोबिल’ म्हणा आणि चहा मागवा.

कोळशासाठी एकच शब्द पाठ करा: “स्वस्त.” रीव्याच्या सोलर प्रकल्पाचा पहिल्या वर्षाचा दर 2017 सालीच युनिटला 2 रुपये 97 पैसे ठरला होता, हे विसरा. सिंगरौलीत 2020च्या एप्रिलात कोळशाच्या वीजकेंद्राचा राखेचा बंधारा फुटला आणि माणसं त्यात वाहून गेली, तेही विसरा. सिंगरौली लांब आहे.

आणि सगळं फसलं तर आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांसारखे हात जोडा: “आपल्याला काय, भिया, नर्मदा मैया आहे! पाण्याची वीज, ना धूर ना राख.” बरोबर. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचे 1000 मेगावॉट असेच धुराशिवाय आले. फक्त त्यासाठी 2004 साली हरसूद गाव बुडालं, लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली. खंडवा जिल्ह्यातलंच गाव, काका! आणि नर्मदा काही चालत इंदूरला येत नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून घाट चढवून, पंपावर पंप लावून आणावी लागते. त्या पंपांच्या विजेचं बिल परवडेना म्हणून पालिकेने 2023 साली 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, जलूदला 60 मेगावॉटचं सोलर उभारायला. ते पाणी हेच काका रोज सकाळी पाइप लावून गाडीवर ओततात. गाडी धुऊन झाली की ओटा, ओटा झाला की रस्ता. पाइप तसाच गटारात वाहतो आणि काका फोनवर बोलत उभे.

सल्ले पुरे झाले, आता सोसायटीवाल्यांनो, तुमच्याशी बोलतो. सोसायटीला किलोवॉटमागे 18,000 रुपये सबसिडी मिळते, तो कागद तुमच्यापुढे ठेवला होता, कुणी उलटूनसुद्धा पाहिला नाही. दोष सगळ्यातच आहेत, माहीत आहे. पण तुम्हाला दोष मोजायचेच नव्हते, वर्गणी टाळायची होती. मग तसं सरळ सांगायचं होतं! दोन तास कशाला घालवले आमचे?