वेचणीच्या दिवसांत आजीची सुट्टी

दसऱ्यानंतर कपाशीची वेचणी लागली की किलोमागे मजुरी किती, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ असते. घरी दोन पोट्टे सांभाळणाऱ्या आजीचे तास मात्र कोणी मोजत नाही. सकाळी डबे निघाले की मायबाप दिवेलागणीला परत येईस्तोवर दहा तास कुठे गेले नाहीत. वर ऐकायचं, "बुढी घरीच तर असते!"

नातवंडांत म्हाताऱ्यांचा जीव रमतो, हे खरंच. पण किती वेळ, त्यावर सगळं आहे. मेलबर्नच्या ५७ ते ६८ वयाच्या बायकांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एक दिवस नातवंडं पाहणाऱ्या आज्यांची बुद्धी चाचण्यांत तल्लख दिसली. पाच किंवा जास्त दिवस पाहणाऱ्या एका चाचणीत मागे पडल्या. अन् तिथे चूल-सरपण नव्हतं.

माझ्या मते कष्टापेक्षा जास्त खाते ती बिनअधिकाराची जबाबदारी. पोट्टं पडलं तर आजीचं लक्ष नव्हतं, रडू नये म्हणून मोबाईल दिला तर आजीनंच बिघडवलं. त्यात पोट्ट्याला भरवता भरवता तिचं जेवण दोनवर जाते, बीपीची गोळी राहते. रात्री नातू तिच्याच कुशीत, म्हणजे झोपही तुटकीच.

आपल्याकडे म्हातारी "उदास वाटते" म्हणत नाही. "डोकं भणभणते, हातपाय गळाले, अन्न गोड लागत नाही" म्हणते. मग सलाईन लावून घरी आणतात अन् आठवड्यानं पुन्हा तेच. पहाटे तीनला जाग, भजनाला जाणं बंद, नातवावर खेकसून मग स्वतःच रडणं, असं दोन आठवडे चाललं तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा किंवा टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. "आता उचलून ने देवा" वारंवार येत असेल तर त्याच दिवशी. डॉक्टरनं उदासीवर दिलेल्या गोळ्यांचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद केल्या की सगळं मुसळ केरात.

तीन वर्षांवरचं लेकरू अंगणवाडीत धाडा, अन् ते तास आजीच्या झोपेचे, भांड्यांचे नाही. दोन वर्षांचं पोट्टं ११-१२ किलोचं भरते. जमिनीवरून उचलू नये, आधी बाजेवर चढू द्यावं. बाजाराच्या दिवशी अनेकजण तसेही वावरात जात नाहीत, तो दिवस पूर्ण तिचा. पारावरच्या आबाजींनाही दुपारचे दोन तास नेमून द्या, पत्ते पळून जात नाहीत. अन् खाऊचे पैसे मायबापानं वेगळे ठेवून जावेत. तिच्या श्रावणबाळ पेन्शनच्या पैशातून पुडे आणायचे नाहीत.