पीटीचा तास गणिताला नको

दिवाळीची सुट्टी संपली की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडच्या ओळखीच्यांनी तो मला पाठवलाय. म्हणणं थोडक्यात असं: नववी-दहावीचा शारीरिक शिक्षणाचा तास बंद करून गणित-विज्ञानाला द्या. खेळण्यापायी मार्क जातात. आपली पोरं शेतात राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला? खेळून नोकरी लागत नाही. आपल्याकडच्या उन्हात पोरांना मैदानावर काढणं धोक्याचं. आणि तसंही त्या तासाला कुणी काही शिकवत नाही.

मी गणित शिकवते. मजकुराप्रमाणे झालं तर तो तास माझ्याच वाट्याला येईल. मला तो नको आहे.

मार्क जातात? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, त्र्वा-रिव्हिएर इथे, १९७० च्या दशकात याची थेट परीक्षा झाली. प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं आणि त्यासाठी बाकीच्या विषयांचा १३-१४ टक्के वेळ कापला. मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१० मध्ये अशा ५० अभ्यासांचा आढावा घेतला. शाळेतला व्यायाम आणि अभ्यास यांच्यात जे संबंध तपासले गेले होते, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त अनुकूल निघाले, उरलेल्यांत बहुतेक ठिकाणी काहीच फरक नव्हता, आणि प्रतिकूल निघाले फक्त दीड टक्का. यावरून ‘खेळा म्हणजे मार्क वाढतील’ असं मी म्हणणार नाही. पण तास काढून घेतला तर मार्क वाढतील, या म्हणण्याला काही आधार सापडत नाही. दिवसभर बाकावर बसलेल्या वर्गाला गणिताचा आणखी एक तास दिला तर काय होतं, ते मी फळ्यापाशी उभी राहून पाहते. माना खाली जातात आणि उदाहरणं फळ्यावरून वहीत नुसती उतरवली जातात.

शेतात राबतात, मग व्यायाम कशाला? हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण तो आपल्याच पोरांबद्दल आहे. कापूस वेचणारी मुलगी कमरेला झोळी बांधून तासन् तास वाकलेली असते. तीच कंबर, तीच बोटं, तोच वेग. त्यात धावणं नाही, उडी नाही, फेकणं-झेलणं नाही. हाडं भक्कम होतात ती धावण्या-उडीतल्या आघातांनी, आणि आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांची जवळजवळ ९० टक्के भरणी अठरा-वीस वर्षांपर्यंत होऊन जाते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, शिवाय आठवड्यातून तीन दिवस तरी स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम. वेचणीच्या दिवसांत अंग दुखतं, पण ही गरज भागत नाही.

शिवाय मजुरीत ठरवणारं कुणी दुसरंच असतं. खो-खोत तसं नसतं. चुन्याच्या रेषांमध्ये आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, टाच उचललेली, हात जमिनीला टेकलेले. पाठीमागून ‘खो’ आला की त्याच क्षणी उठायचं. दिशा एकदा घेतली की खांबापर्यंत उलटं फिरता येत नाही, म्हणून पाऊल टाकायच्या आधी ठरवायचं. चुकलं तर दोष स्वतःचा, आणि पंचाने फाउल दिला तर मान्य करून पुन्हा बसायचं. हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

आणि मुलींचं तर वेगळंच सांगायला हवं. संध्याकाळी गावातलं मैदान मुलांचं असतं. मुलगी त्या वेळी घरी भाकरीला, पाण्याला, धाकट्या भावंडाला. ‘पोऱ्या नुसता खेयस’ म्हणून आई रागावते, पण त्या रागात त्याला खेळायची मुभा असतेच. पोरीबद्दल तेवढीही तक्रार कुणी करत नाही, कारण ती खेळतच नाही. कुणी ‘कुठं चालली?’ असं न विचारता तिला धावता येईल असा आठवड्यातला एकच वेळ असतो, शाळेतला पीटीचा तास. तो बंद केला की मुलांचं थोडं जातं, मुलींचं सगळं जातं.

नोकरी लागत नाही? पहाटे धुळ्याच्या किंवा चाळीसगावच्या रस्त्यावर या आणि कोण धावतंय ते बघा. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आहे: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. हीच पोरं बारावीनंतर एकदम डांबरी रस्त्यावर धावायला लागतात आणि नडगी धरून बसतात. गोळा मानेशी, जबड्याखाली टेकवून ढकलायचा असतो. कुणी दाखवलेलं नसल्यानं ती दगडासारखा भिरकावतात आणि कोपर दुखावून घेतात. आठवी-नववीत शिकायची गोष्ट विसाव्या वर्षी फी भरून अकॅडमीत शिकावी लागते. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस दलात अधिकारी झाले. प्रत्येक पोर काही केसरी होणार नाही, पण ‘खेळून काही होत नाही’ हे निदान खानदेशात तरी कुणी म्हणू नये.

उन्हाचं काय? हे खरं आहे. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाकडे जातो, आणि दुपारी दोन वाजता मुलांना मैदानावर काढणं चूकच. उपाय सोपा आहे: तास सकाळी पहिला किंवा दुसरा ठेवा, जवळ पाणी ठेवा. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं वर्गात असतात. त्यांना दमछाक आणि पाणी कमी पडणं दोन्ही घातक, म्हणून कोणाला सिकलसेल आहे ते पीटीच्या सरांना माहीत असलंच पाहिजे. त्या मुलांना बाजूला बसवून ठेवायचं नाही, बेतानं खेळवायचं. आणि बाहेरचा उजेड डोळ्यांनाही लागतो. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तर तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसू लागलं. जिथे असं केलं नाही तिथे ३९.५ टक्के.

कुणी शिकवत नाही? पुष्कळ ठिकाणी हे खरं आहे. ‘जा, खेळा’ म्हणतात, दोन-चार मुलं बॅट बळकावतात, मुली झाडाखाली बसतात, आणि वर्षाच्या शेवटी खुर्चीत बसून श्रेणी भरली जाते. कायदा असा नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य सक्तीचं केलं, आणि सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशकही, म्हणजे अर्धवेळ शिक्षक. गणित कुणी नीट शिकवत नसेल तर पालक गणित बंद करा म्हणत नाहीत, मास्तर द्या म्हणतात.

तो मजकूर पुढे पाठवण्याऐवजी येत्या पालकसभेत चार गोष्टी विचारा. पीटीचा तास वेळापत्रकात किती वाजता आहे? गेल्या महिन्यात तो किती वेळा झाला? मुली त्या तासाला काय करत होत्या? आणि प्रगतिपुस्तकातली श्रेणी कशावरून दिली?