तान्ह्या पोळ्यातला बंब

मी घरी बनवलेल्या वाफेच्या छोट्या रेल्वे इंजिनाला आजवर तिघांनी ओळखलं. सासूबाईंनी बंब म्हणून, नाक्यावरच्या हवालदारांनी हातभट्टी म्हणून आणि साळीच्या, म्हणजे मेहुणीच्या, सहा वर्षांच्या पोराने बैल म्हणून. इंजिन म्हणून ओळखण्याची खरी आशा होती ती मामाजींकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून. त्यांची नोकरी पुलगाव-आर्वी या छोट्या रेल्वे लाइनवर पॉइंट्समन म्हणून झालेली. त्यांनी चष्मा वर करून एकदा पाहिलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

मी दारव्ह्याकडचा. खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि पोटात लहानपणची शकुंतला, म्हणजे आमची छोटी आगगाडी, आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनवर 1921 साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन एप्रिल 1994 पर्यंत धापा टाकत होतं. मग डिझेल आलं, मग तेही थांबलं. आता गाडी येत नाही तर आपणच एक करावी, असं चाळिशीत मला वाटलं. चाळिशीत लोकांना शुगर होते, मला हे झालं.

नागपूरला मोतीबागेच्या नॅरो गेज संग्रहालयात शिंप्याचा टेप घेऊन गेलो आणि इंजिनांची मापं काढली. आपल्या या गाड्यांच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. माझं 45 मिलिमीटर. म्हणजे सगळं साधारण 17 पट लहान करायचं, सोपं आहे. पण लांबी 17 पट कमी केली की बॉयलरातलं पाणी 17 चा घन, म्हणजे 4913 पट कमी होतं, आणि त्याभोवतीचा पत्रा मात्र 289 पटच. पाणी घोटभर आणि अंग उघडं. मोठं इंजिन पौषातल्या थंडीत रात्रभर उभं राहायचं. माझं छताच्या पंख्याने गारठतं.

पहिला बॉयलर मी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाख लावून घेतला. कथील-शिशाचा तो डाख दोनशे अंशांच्या आतच वितळतो. आत पाणी आहे तोवर तांबं फार तापत नाही, म्हणून दहा मिनिटं सगळं झकास चाललं. पाणी संपलं, खालची ज्योत चालूच, आणि बॉयलरचं बूड टप्पकन पाटावर पडलं. मग सोनाराकडे गेलो. त्याने टाकणखार लावून चांदीचा डाख दिला आणि तो तोळ्यावर मोजला. बायकोने विचारलं, "चांदी कोणासाठी घेतली?" याला 'बॉयलरसाठी' हे उत्तर संसारात चालत नाही.

बूड ठोकून बसवायचं तर तांबं मऊ करावं लागतं. लाल तापवून पाण्यात बुडवलं की ते मऊ पडतं. आमच्या गावच्या लोहाराचा यावर विश्वासच बसेना, कारण पोलाद तसं केलं की कडक होतं. शेवटी त्याने करून पाहिलं आणि म्हणाला, "हे तं जावयाचं उलटं हाय. तो तापवून थंडा केला का अजून कडक होते."

बॉयलर चालवायचा 20 पौंड दाबावर, म्हणून तपासायचा 40 वर, आणि तोही वाफेने नाही, गार पाण्याने. पाणी दबत नाही, त्यामुळे फाटलं तरी नुसतं शिंतोडतं, जीव घेत नाही. एवढा दाब माझ्याकडे एकाच वस्तूत होता: दुकानातला पाठीवरचा फवारणी पंप. बॉयलर पास झाला. आठवडाभर त्याला कपाशीवरच्या औषधाचा वास येत होता आणि त्याच्या आसपास मावा फिरकला नाही.

तर असं हे इंजिन घेऊन पोळ्याला सासुरवाडीला निघालो. सासुरवाडी आर्वी तालुक्यात. पिशवीत इंजिन, डब्यात रूळ आणि लिटरभर स्पिरिट, कारण माझं इंजिन कोळशावर नाही, स्पिरिटच्या दिव्यावर चालतं. हे सगळं बरोबरच होतं. फक्त वर्धा नदीचा पूल ओलांडला की दारूबंदीचा जिल्हा लागतो, हे डोक्यात आलं नाही. आणि सणाच्या आदल्या दिवशी नाक्यावर कोण उभं असतं हेही नाही.

हवालदारांनी पिशवीतून तांब्याचं पिंप काढलं. त्याला जोडलेल्या एसीवाल्याकडच्या तांब्याच्या नळ्या पाहिल्या. मग बाटलीचं बूच काढून वास घेतला.

"हे का हाय?"

"रेल्वेचं इंजिन."

"रेल्वे तं तिकडून जाते."

"हे लहान आहे साहेब. हौस म्हणून."

"भट्टी लहान असली तं गुन्हा लहान होते का?"

मग मी रस्त्याच्या कडेला मोटारसायकलच्या सीटवर इंजिन खोललं. सांगितलं, साहेब, हे सिलिंडर स्वतःच डोलतं. एकीकडे डोललं की वाफ आत, दुसरीकडे डोललं की बाहेर. ही चकती फिरवली की आतबाहेरची वाट बदलते आणि गाडी मागे जाते. भट्टीत मागे-पुढे असतं का? हवालदारांनी विचार केला. "थेंब कुठून पडते?" "धुरांड्यातून. तेलकट पाण्याचे." त्यांनी तेलाचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "जा. हे पिऊन कोणी दुसऱ्यांदा येनार नाई." मी घाईघाईत सगळं परत बसवलं. चकतीसुद्धा.

घरी पोचलो तर सासूबाई दारात. "हे का आणलं जावाई? बंब वाटते. इतकूसा? एका मानसाच्या आंघोळीले तरी पुरन का?" त्या दिवसापासून घरात त्याचं नाव बंब पडलं. तरी माऊली मोठी. दिव्याच्या वाती जळून गेल्या म्हटल्यावर त्यांनी देवघरातला कापूस घेतला आणि मांडीवर वळून सहा वाती करून दिल्या, समईला देतात तशा. स्पिरिट आहे तोवर कापूस जळत नाही, हे मी त्यांना शास्त्र म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, तेलाचंही तसंच असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या विदर्भात हा पोरांचा सण. खऱ्या बैलांचा पोळा झाला की पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून निघतात, घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात आणि सजावटीला बक्षिसं असतात. साळीच्या पोराच्या नंदीचं एक चाक मोडलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं. "काका, बंबाले वढू द्या ना नंदी."

मी हो म्हणालो. नको म्हणायला हवं होतं, पण इंजिन करणाऱ्याला कोणी 'चालवून दाखवा' म्हणत नाही. संधी आली की माणूस वाहून जातो.

मारुतीच्या पारासमोर सहा मीटर रूळ टाकले. इंजिनामागे सपाट डबा, डब्यावर नंदी. नंदीचं तोंड पोराने मागच्या बाजूला केलं. मी विचारलं, असं का? "धूर डोयात जाईन ना त्याच्या." स्पिरिटला धूर नसतो हे सांगण्यात अर्थ नव्हता.

दिवा पेटवला. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. सगळं गाव म्हणू लागलं, पेटलंच नाही. "काडी ओढा ना भाऊ." एका काकांनी खात्री करायला बोट घातलं. त्यांची खात्री झाली. आठ मिनिटांनी काटा वीसवर गेला, मी वाफेची तोटी उघडली आणि इंजिनाने धुरांड्यातून परीक्षकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गरम तेलकट पाण्याची पिचकारी मारली. सिलिंडर थंड असलं की पहिली वाफ आतच पाणी होते, ते आधी हाताने ढकलून काढायचं असतं. हे मला पाठ आहे. एरवी.

मग चाकं फिरली. नुसती फिरली. गाडी जागची हलेना. वाकून पाहतो तर चाकांना पिवळं काहीतरी. हळद आणि तूप! दोन दिवसांपूर्वी बैलांची खांदशेकणी झाली तेव्हा पोराने बंबाचीही केली होती, आणि बंबाला खांदा सापडेना म्हणून चाकांना चोळलं होतं.

गाव हसायला लागलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका बे!" मामाजी. पेपरशिवाय मी त्यांना प्रथमच पाहिलं. त्यांनी पाराखालची मूठभर रेती घेतली आणि दोन्ही रुळांवर चिमूट चिमूट सोडत गेले, रांगोळी घालावी तशी. "पावसात चाक घसरलं का रेतीच टाकत. इंजिनावर पेटीच राहे रेतीची." आणि मला, खालच्या आवाजात, "हळू उघडा. एकदम वाफ देल्ली का फिरतेच ते."

मी हळू उघडली. चाकांनी रेती धरली, एक आचका, आणि गाडी निघाली. मागे. नाक्यावर चकती उलटी बसवली होती! इंजिन पाठमोरं, डबा पुढे, आणि डब्यावरचा नंदी, धुरापासून तोंड फिरवलेला, मान ताठ करून पुढे चाललेला. मागून माझं इंजिन छुकछुक करत बंडीसारखं.

"आबाबा! बैलच वढून राहिला गाडी!"

टाळ्या पडल्या. कोणी नंदीवर गुलाल टाकला. सहा मीटर संपले तेव्हा मी रुळाच्या टोकाशी पालथा पडून इंजिन झेललं, ते कोणी पाहिलं नाही. तेल लागलेल्या सदऱ्यातल्या परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं: नंदीला. स्टीलचा डबा, झाकणासकट.

रात्री जेवताना मामाजी इंजिनाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. पण झोपण्याआधी पडवीत जाऊन त्यांनी ते एकदा उचलून पाहिलेलं मी पाहिलं, म्हणून मला नीट झोप लागली नाही. पहाटे साडेपाचला त्यांचा आवाज आला, "जावाई, बंब पेटवा."

मी उडालोच. चकती सुलटी केली, वाती ओल्या केल्या, अंगणात रूळ मांडले, रेतीसुद्धा टाकून ठेवली. दिवा पेटवून वर पाहिलं तर मामाजी खांद्यावर टॉवेल टाकून, हातात बादली घेऊन उभे.

"तो नाई हो," ते म्हणाले. "न्हाणीतला."