जिन्यात विझलेल्या टॉर्चबद्दल: दुकानाच्या मालकाचं उत्तर

ताई, नमस्कार. मुंबईच्या लोहार चाळ बाजारातल्या त्या दुकानाचा मालक मीच. दुकानाच्या ऑनलाइन रिव्ह्यूत तुम्ही एक तारा देऊन जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. गिरगावातल्या तुमच्या चाळीत जिन्यावरचा दिवा रात्रीचा बंद असतो आणि वडील पहाटे साडेचारला चौपाटीवर फिरायला निघतात, म्हणून त्यांच्यासाठी आमच्याकडून दोन प्रकाशांची खिशातली टॉर्च नेलीत. ती कधी मंद लागते, कधी एकदम भगभगीत. जिना उतरताना मधेच विझली, बाबांनी कठडा धरला म्हणून वाचले. शर्टाच्या खिशात आपोआप पेटून राहिली आणि सेल तीन दिवसांत संपला. परत घेऊन आलात तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘दाबत राहा, सवय होईल’ असं सांगून पाठवलं. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘डुप्लिकेट माल आहे, घेऊ नका.’

बाबांनी कठडा धरला हे वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. ते लाकडी जिने मला माहीत आहेत, माझं लहानपण ठाकूरद्वारला तसल्याच चाळीत गेलं. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, वळणावरची पायरी एका बाजूला निमुळती. तिथे क्षणभरही काळोख नको. म्हणून माल खरा की खोटा हे नंतर बघू. आधी टॉर्च का विझली ते सांगतो. ती बिघडल्यामुळे विझली नसावी, तिच्या खटक्याची घडणच तशी आहे. आणि ती कोणाच्या हातात द्यायची हे बघायचं काम माझं होतं.

या टॉर्चला एकच खटका आहे, शेपटीला, रबरी टोपीखाली. पूर्ण दाबला की ‘टक्’ होतं आणि टॉर्च लागते, पुन्हा पूर्ण दाबला की विझते. लागलेली असताना तोच खटका अर्धा दाबायचा, टक् होऊ द्यायचं नाही, आणि सोडायचा. मग मंदाचा मोठा होतो किंवा मोठ्याचा मंद. ऐकायला सोपं आहे. पण अर्ध्या दाबाला आत काय होतं? खटका सेलचा प्रवाह तोडतो. पुढच्या डोक्यात एलईडीच्या मागे नाण्याएवढी चकती आहे, तिच्यावर एक चिप. खटका मागच्या टोकाला, चिप पुढच्या टोकाला, आणि दोघांमध्ये वेगळी तार नाही. चिपला एवढंच कळतं की वीज गेली आणि आली. ती लगेच आली की उशिरा, हे ठरवायला शेजारी एक बारीक कपॅसिटर असतो. वीज गेल्यावर त्यात थोडा वेळ चार्ज टिकतो. तो शिल्लक असतानाच वीज परत आली तर चिप धरून चालते की माणसाला दुसरा प्रकाश हवाय. चार्ज संपून गेला असेल तर ती पुन्हा मंदापासून सुरुवात करते.

‘कधी मंद, कधी भगभगीत’ ते यामुळे. मंद लावून बंद केली आणि लगेच पुन्हा लावली, तर मोठा प्रकाश येतो. दोन-तीन सेकंद थांबून लावली तर मंदच येतो. हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

आता जिन्यातलं. माझा अंदाज आहे की बाबांच्या हाताला जुन्या पत्र्याच्या टॉर्चची सवय असेल. आपल्या घरांत तिला नुसतं ‘बॅटरी’ म्हणायचे, आणि आत घालायचे ते ‘सेल’. त्या बॅटरीचा खटका बाजूला, अंगठ्याने पुढे सरकवायचा आणि अंगठा तिथेच टेकवून चालायचं. या नव्या टॉर्चवर तसाच अंगठा टेकवून ठेवला की रबर अर्धं दाबलं जातं आणि दाब आहे तोवर टॉर्च काळी. अंगठा उचलला असता तर ती पुन्हा लागली असती. पण पायरी चुकत असताना माणूस मूठ आणखी घट्ट करतो.

परवा रात्री मी शटर अर्धं खाली घेतलं, दुकानातले सगळे दिवे घालवले आणि त्याच मॉडेलची टॉर्च घेऊन माळ्यावर जायच्या लोखंडी शिडीने चार वेळा चढलो-उतरलो. तिसऱ्या वेळी माझाही अंगठा टेकला आणि अंधार झाला. मी हा धंदा बावीस वर्षं करतोय, तरीसुद्धा. दिवसा ट्यूबलाइटखाली काउंटरवर ती दाखवताना हा काळोख कोणाला दिसतच नाही, कारण दुकानात आधीच लख्ख उजेड असतो. तिथे दोन प्रकाशांतला फरकदेखील नीट कळत नाही. आम्ही गिऱ्हाइकाला डोळे दिपतील असा मोठा प्रकाश दाखवतो, तो ‘वा’ म्हणतो, बिल होतं. डब्यातला कागद इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. चूक इथे झाली, आणि ती आमची आहे.

काउंटरवरच्या मुलाबद्दल लिहिलंत ते खरं आहे. त्याने मला तसंच सांगितलं. पण त्याला मी तरी कधी बसवून शिकवलं होतं? टॉर्च कोण वापरणार आणि कुठे, हे विचारल्याशिवाय कपाट उघडायचं नाही असं आता ठरवलंय. टॉर्च दाखवायची ती माळ्याच्या अंधारात न्यायची, आणि आम्ही करून दाखवायची नाही, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

खिशात पेटण्याचा उपाय मात्र सोपा आहे, ज्यांच्याकडे अशी टॉर्च आहे त्या सगळ्यांनी करावा. खिशात टाकण्याआधी शेपटीचं टोपण पाव फेरा सैल करायचं. आट्यांवर वीज न वाहणारा थर असतो, नळीची कड टोपणाला टेकली तरच प्रवाह पूर्ण होतो. सैल टोपणावर खटका कितीही दाबला गेला तरी टॉर्च लागत नाही, आणि तापतही नाही. वापरताना मात्र टोपण घट्ट हवं. अर्धवट घट्ट असेल तर चालताना नळीची कड क्षणभर सुटते, चिपला वाटतं कोणी अर्धा दाब दिला, आणि प्रकाश आपोआप बदलतो. समुद्राजवळच्या घरांत दमट, खारट हवेने त्या कडेवर काळपटपणा चढला तरी हेच होतं. महिन्या-दोन महिन्यांनी कोरड्या सुती फडक्याने पुसली की पुरे.

सेलचंही तसंच. डब्यावर मोठ्या प्रकाशाला 100 ल्युमेन (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचं माप) आणि दीड तास, मंदाला 10 ल्युमेन आणि 15 तास असं लिहिलंय. दहापट प्रकाश असला तरी डोळ्याला तो दहापट वाटत नाही, सेल मात्र तितक्याच वेगाने संपतो. जिन्याला 10 ल्युमेन भरपूर आहेत. अंधाराला नीट सरावायला डोळ्यांना 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि पहाटे भिंतीवर मोठा झोत एकदा मारला की तो सराव गेला, झोताबाहेरची पायरी आणखीच काळी दिसते. साधा 1.5 व्होल्टचा सेल अर्धा उतरला की मोठ्या प्रकाशाचा भार त्याला पेलत नाही. व्होल्टेज पडतं आणि टॉर्च मधेच मंद होते. चार्ज होणारे 1.2 व्होल्टचे सेल आकड्यात कमी दिसतात, पण भाराखाली जास्त वेळ टिकून राहतात. ते वापरा. साधे सेल महिनोन्‌महिने आत ठेवले तर पाझरतात आणि खटका खातात.

एकच गोष्ट मला मान्य नाही. माल डुप्लिकेट नाही. डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली आहे, आमच्याकडे खरेदीचं बिल आहे, तुम्ही आलात की दोन्ही दाखवतो. हे वाक्य वाचून माझ्या वडिलांना, ज्यांनी हे दुकान मांडलं, फार लागलं. तुम्ही घाबरलेल्या असताना लिहिलंत हे त्यांना मी सांगितलं, आणि त्यांनाही ते पटलं. तारा बदला असं मी म्हणत नाही.

आता पुढे काय करायचं. ही टॉर्च ट्रेकला जाणाऱ्या पोरांना ठीक आहे, तुमच्या बाबांसाठी ती नाही. तुम्हाला पैसे परत हवे असतील तर पूर्ण परत, बिल हरवलं असलं तरी. बदलून हवी असेल तर आमच्याकडे बाजूला सरकत्या खटक्याची एक टॉर्च आहे. बंद, मंद, मोठा असे ओळीने तीन थांबे, अंगठा खुशाल टेकवून ठेवा. मंदावरून मोठ्यावर सरकवताना मधे अंधार होत नाही, हेही मी त्याच शिडीवर बघून घेतलंय. किंमत हिच्याहून कमी आहे, फरकाचे पैसे मिळतील. फक्त ती थोडी जाड आहे, शर्टाच्या खिशात फुगते. बाबांना चालेल का ते त्यांनीच हातात घेऊन ठरवावं.

त्यांना लोहार चाळीत आणू नका. अकरानंतर हातगाड्यांमधून वाट काढणं तरण्या माणसालाही जड जातं. दुकानापासून गिरगाव मला चालत वीस-पंचवीस मिनिटं आहे. बिलावरच्या नंबरवर फोन करा, दुकान बंद केल्यावर संध्याकाळी मी दोन्ही टॉर्च आणि चार्ज केलेले सेल घेऊन येतो. अंधार पडल्यावर जिन्याच्या वरच्या टोकाला बाबांच्या हातात त्या देऊ. मी त्यांच्या एक पायरी खाली उभा राहीन.