वेल्श वंशावळींवर विश्वास किती ठेवावा? एका प्रतिक्रियेला उत्तर

वेल्समधल्या अँगल्सी बेटावरील पेनमनिधच्या ट्यूडर घराण्यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपले म्हणणे असे की, वेल्समध्ये वंशावळी जपणारे कवी यजमानाच्या बिदागीवर जगत, त्यामुळे आपल्याकडच्या भाटांच्या बाडांइतकाच त्यांचा भरवसा, शिवाय जिथे आडनावेच नव्हती, तिथे एका ‘दाफिद अप इएवान’ला (म्हणजे इएवानचा मुलगा दाफिद) दुसऱ्यापासून वेगळे काढणे अशक्य, आणि असे असूनही मी या घराण्याच्या १२४६ मध्ये वारलेल्या पूर्वजापर्यंतची, एद्नेवेद व्हुखानपर्यंतची साखळी बिनदिक्कत मांडली.

या वंशावळींचा वरचा टप्पा काल्पनिक आहे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयातल्या हार्लियन संग्रहातील साधारण ११०० च्या सुमाराच्या हस्तलिखितात दहाव्या शतकात जुळवलेल्या राजवंशावळी आहेत, आणि त्यांत बेली मावर या पुराणपुरुषाच्या आईला थेट कुमारी मेरीची चुलत बहीण ठरवले आहे. अशा जागी संशय व्यक्त करायला आधुनिक इतिहासकारच हवा असेही नाही. ११९० च्या दशकात वेल्सचे वर्णन लिहिणारा जेराल्ड सांगतो की इथला साधा माणूससुद्धा सहा-सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतो. मात्र राजांची वंशावळ देताना तो ऱ्होद्री मावर या राजापाशी (मृत्यू ८७८) थांबतो आणि त्यामागची ट्रॉयच्या ईनियसपर्यंत व पुढे आदमपर्यंत जाणारी यादी, वाचकांना ती इतिहासापेक्षा भाकडकथा वाटेल म्हणून, मुद्दाम गाळतो.

आपला मुद्दा मला पटत नाही तो मधल्या टप्प्याबाबत, म्हणजे साधारण १२०० ते १४०० या काळाबाबत. त्या काळी वंशावळ ही मिरवण्याची गोष्ट होती हे खरे, पण त्याआधी ती जमिनीच्या हक्काचा आधार होती. वेल्श कायद्यात बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाई, आणि एका मूळ पुरुषाच्या वंशजांचा गट, ज्याला ‘ग्वेली’ म्हणत, ती जमीन धरून असे. खून झाला तर ‘गालानास’ नावाची भरपाई मारेकऱ्याबरोबर त्याच्या दूरदूरच्या भाऊबंदांनाही भरावी लागे, आणि त्यात बापाकडच्यांचा वाटा आईकडच्यांच्या दुप्पट असे. म्हणजे वंशावळीत एक नाव घुसवले की कुणाचा तरी वाटा घटणार, आणि एक वगळले की कुणावर तरी बोजा वाढणार. जिथे भाऊबंदच डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात, तिथे कवीला खोटेपणाची मोकळीक फारशी उरत नाही. बापाने पत्करलेला अनौरस मुलगाही या कायद्याने बरोबरीचा वारस होता, म्हणून तो वंशावळीतही येतो. १२८४ च्या ऱ्हिद्लान कायद्याने त्याचा वारसा काढून घेतला, पण समान वाटणी चालू ठेवली. केवळ स्तुती करायची असती, तर अशी नावे कवींनी आधीच गाळली असती.

एद्नेवेदच्या बाबतीत तर पुरावा कवींच्या हातचा नाहीच. तो उत्तर वेल्सचा राजा लिवेलिन थोरला याचा मुख्य कारभारी होता, आणि त्याच्या वंशजांनी लष्करी सेवेखेरीज कोणताही सारा न देता जमिनी धरल्या होत्या. १३५२ मध्ये इंग्रज राजसत्तेच्या अधिकाऱ्यांनी अँगल्सी आणि कार्नार्वनशायरच्या जमिनींची मोजदाद केली, तेव्हा ही सवलत ‘विरियोन एदेन’, म्हणजे एद्नेवेदचे नातू-पणतू, या नावाने नोंदली गेली. महसूल वाढवायला आलेला अधिकारी खोट्या वंशजाला करमाफी कशाला देईल? पुढे एद्नेवेदचा मुलगा गोरोन्वी (मृत्यू १२६८), त्याचा ट्यूडर (१३११), त्याचा गोरोन्वी (१३३१) आणि त्याचा ट्यूडर, इथपर्यंत साखळी येते. या शेवटच्या ट्यूडरच्या मुलांपैकी ऱ्हिस आणि ग्विलिम यांनी १४०१ च्या गुड फ्रायडेला कॉन्वीचा किल्ला हस्तगत केला, आणि त्यांचा भाऊ मारेदिध याचा मुलगा ओवाइन हा इंग्लंडचा पहिला ट्यूडर राजा सातवा हेन्री याचा आजोबा. एद्नेवेदच्या मागे मार्खुद या मूळ पुरुषापर्यंत जाणाऱ्या कड्या मात्र नंतरच्या हस्तलिखितांवर उभ्या आहेत, आणि म्हणूनच लेखात मी त्या ‘परंपरेनुसार’ असे म्हणून दिल्या होत्या.

एकसारख्या नावांची अडचण खरी आहे, पण ‘अशक्य’ हा शब्द मोठा होतो. लोक एकाच बापाच्या नावावर थांबत नसत. तीन-चार पिढ्या, गाव, ‘गोख’ (तांबडा) किंवा ‘लुइद’ (करडा) यांसारखे टोपणनाव आणि बायकोचे माहेर यांतून माणूस ओळखू येतो. पीटर बार्ट्रम या हवामानशास्त्रज्ञाने हेच काम आयुष्यभर केले: विखुरलेली हस्तलिखिते ताडून पाहिली, प्रत्येकाला पिढीचा क्रमांक दिला आणि १९७४ मध्ये आठ व १९८३ मध्ये अठरा खंड प्रसिद्ध केले. लग्नसंबंधात नवरा-बायकोच्या पिढ्या फार दूर पडल्या, की कुठेतरी पिढी गळाली किंवा वाढली हे लगेच कळते.

बिदागीचा आक्षेप सर्वांत जास्त लागू पडतो तो सोळाव्या शतकाला, आणि तिथे मी आपल्या बाजूचा आहे. १५४३ च्या कायद्याने समान वाटणी संपली, वंशावळीचे कायदेशीर काम उरले नाही, आणि नवश्रीमंत जमीनदारांना कुलचिन्हासाठी जुना पूर्वज हवासा झाला. तरीही कुलचिन्हे व वंशावळी नोंदवण्यासाठी १५८६ मध्ये नेमलेल्या लुईस डनने वंशावळींखाली घरमालकांच्या सह्या घेतल्या आणि मिळालेली रक्कमही टिपली, त्यामुळे निदान कोणी काय सांगितले हे तपासता येते.

सर्वांत मोठे भगदाड मात्र आपण उल्लेखच न केलेल्या जागी आहे: १५५० ते १७५० च्या दरम्यान. सामान्य कुटुंबांत, विशेषतः उत्तरेत आणि पश्चिमेत, स्थिर आडनावे अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत रुळली नव्हती; पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतील बाप्तिस्मा, लग्न व दफनाच्या, नोंदींचा हुकूम १५३८ चा असला तरी अनेक ठिकाणच्या नोंदी बऱ्याच नंतरपासूनच हाती लागतात; आणि सरकारमान्य चर्च सोडून स्वतंत्र चॅपेलकडे वळलेल्या घरांची मुले पॅरिशच्या वहीत सापडतीलच असे नाही.

म्हणून आपण उल्लेखलेल्या कार्डिफच्या सहकाऱ्याचा, आपले पॉवेल कुटुंब ‘बाराव्या शतकापर्यंत पोहोचते’ हा दावा मीही आज मान्य करणार नाही. पॉवेल या नावावरून एवढेच सिद्ध होते की आडनाव गोठले तेव्हा घरात कुणी ‘अप हाउएल’ होता. असे हाउएल शेकड्यांनी होते. त्यांना १७०० पूर्वीचे एखादे मृत्युपत्र किंवा जमिनीचा दस्त मागा, ज्यात गावाचे आणि शेतांचे नाव असेल. १८५८ पूर्वीची वेल्श मृत्युपत्रे ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. त्यातले एखादे हाती आले तर मला जरूर कळवा. ते शेत मधल्या काळातल्या एखाद्या ग्वेलीच्या जमिनीत पडते का, हे आपण मिळून पाहू.