‘जनऔषधीची गोळी निम्मीच असते, दोन घ्या’ म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

परवा दुपारी आत्याच्या शेजारणीचा फोन आला. आत्याचे हात थरथरतायत, दरदरून घाम सुटलाय, बोलणं अडखळतंय. सुदैवाने त्यांच्या घरी ग्लुकोमीटर होता, साखर ६२. साखरपाणी पाजलं, अर्ध्या तासात आत्या ताळ्यावर आली. मी फोनवर विचारलं, “आत्या, गोळी किती घेतलीस?”

“दोन. अरे, त्या जनऔषधीच्या गोळीत निम्मंच औषध असतं म्हणे. ग्रुपवर आलंय. घ्यायचीच तर दोन घ्या असं लिहिलंय त्यात.”

तो मेसेज मग मीही वाचला. तुमच्याही भिशीच्या, सोसायटीच्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. ‘सरकारी औषधांचं भयानक सत्य’ असं वर, आणि खाली पाच मुद्दे. एक, जनऔषधी केंद्रातली (सरकारी योजनेच्या स्वस्त औषधांच्या दुकानांतली) औषधं म्हणजे कंपन्यांनी नाकारलेला माल, त्यात निम्मंच औषध असतं. दोन, तीसुद्धा फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना मिळतात. तीन, सरकारी दवाखान्यातल्या अँटिबायोटिक गोळ्यांत टाल्कम पावडर सापडली. चार, एक एप्रिलला सगळी औषधं १२ टक्क्यांनी महागतात, तेव्हा साठा करून ठेवा. पाच, आयुष्मान कार्ड असेल तर कोणत्याही मेडिकलमधून वर्षाला पाच लाखांची औषधं फुकट. खालच्या लिंकवर नाव-आधार भरा. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्यात सरकारी औषध विष, आणि पाचव्यात तेच सरकार पाच लाखांची औषधं वाटतंय. निदान खोटं बोलताना तरी एका दमात बोलावं.

पहिल्या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण त्यापायी माणूस मरू शकतो. आत्याची गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. डोस दुप्पट केला की साखर खाली जाते, आणि सत्तरीतली एकटी बाई दुपारी झोपेत असताना ती खाली गेली तर शेजारणीला कळायलाही उशीर होतो. ‘दोन घ्या’ हे तीन अक्षरांचं वाक्य लिहिणाऱ्याला बहुधा गोळी ब्लडप्रेशरची की साखरेची हेही माहीत नव्हतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या कुणी हे ऐकलं तर काय होईल, याचा विचारच नको.

आता ती पट्टी हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. अक्षर बारीक असतं, चष्मा लावा. घटकाच्या नावापुढे ‘आयपी’ लिहिलेलं असतं, त्यापुढे मिलिग्रॅम, मग बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, बनवणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया. गोळीत औषध किती असलं पाहिजे, ते पोटात किती वेळात विरघळलं पाहिजे, हे त्यात ठरलेलं असतं. बहुतेक गोळ्यांना लिहिलेल्या मात्रेच्या दहाएक टक्के इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. जनऔषधीला वेगळी मात्रा आणि चकचकीत ब्रँडला वेगळी, असं कुठल्याही कायद्यात नाही. निम्मं औषध असलेली गोळी हा गुन्हा आहे, मग ती कुणाचीही असो.

मग स्वस्त कशी? ब्रँडची जाहिरात नाही, डॉक्टरांच्या दारात बसणारे एमआर (कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी) नाहीत, परिषदांच्या नावाखाली सहली नाहीत, खरेदी टेंडरने आणि घाऊक. आपल्याकडचे बहुतेक महागडे ब्रँडही पेटंट संपलेलीच औषधं आहेत, म्हणजे तीही जेनेरिकच, कुणाही परवानाधारक कंपनीला बनवता येतील अशी. कित्येकदा हिमाचलमधल्या बद्दीतला एकच कारखाना तीच गोळी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने बनवून देतो. ‘कंपन्यांनी नाकारलेला माल’ म्हणणाऱ्याने हा धंदा एकदा जवळून पाहावा.

“हे सगळं कागदावर,” असं म्हणणारे असतातच. त्यांच्यासाठी एकच दाखला देतो. केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरिअक अॅबी फिलिप्स. हा सरकारची तळी उचलणारा माणूस नव्हे. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या ‘आयुष’वाल्यांशी तर त्यांचं उभं वैर आहे. त्यांच्या संस्थेने २०२५ मध्ये नेहमीच्या वापरातल्या २२ औषधांचे १३१ नमुने गोळा करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतले. त्यात नामांकित ब्रँड होते, स्वस्त ब्रँड होते, जनऔषधीच्या गोळ्याही होत्या. सगळे नमुने निकषांत बसले. फरक सापडला तो किमतीत, आणि तो काही ठिकाणी कित्येक पटींचा होता. १३१ नमुने म्हणजे देशातली प्रत्येक बॅच नव्हे, हे मान्य. पण मेसेज लिहिणाऱ्याने किती तपासले होते?

टाल्कम पावडरचं मात्र खरं आहे. नाइलाजाने लिहावं लागतंय. नागपूर ग्रामीण पोलिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल केलं, त्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या ‘अँटिबायोटिक’ गोळ्या म्हणजे टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, आणि हा माल हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेतून आला होता, असं म्हटलंय. त्याच वर्षाच्या अखेरीस अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातल्या बनावट गोळ्यांचं प्रकरण बाहेर आलं. संताप यावा असंच आहे हे. पण तो माल रुग्णालयांनी पुरवठादारांकडून घेतला होता, जनऔषधी केंद्रातून नव्हे. जनऔषधीच्या बॅचही अधूनमधून केंद्रीय औषध नियंत्रकांच्या ‘दर्जाहीन’ यादीत येतात, तेही खरं. त्याच यादीत मोठ्या ब्रँडच्या बॅचही येतात. ऑगस्ट २०२४ च्या यादीतली त्रेपन्न नावं आठवा. घराघरात असलेल्या गोळ्या होत्या त्यात. त्या आमच्या नव्हेतच, कुणीतरी नक्कल केली, असं म्हणत कंपन्यांनी हात झटकले. म्हणून काय सगळ्यांनी ब्रँडची गोळीही दोन-दोन घ्यायची?

आणखी एक गोष्ट कबूल करतो. थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारी औषधं, यांत दर महिन्याला कंपनी बदलू नये. एका कंपनीवरून दुसरीवर जायचं तर डॉक्टरांना सांगून, आणि गरज पडली तर रक्त तपासून. हे जनऔषधीला लागू आहे तसंच महागड्या ब्रँडलाही.

रेशनकार्डाचा मुद्दा तर निव्वळ थाप. २००८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पंतप्रधानांचं नाव लागलेल्या या जनऔषधी योजनेत उत्पन्नाची अटच नाही. देशभरात पंधरा हजारांवर केंद्रं आहेत, कुणीही जावं. लागते ती डॉक्टरांची चिठ्ठी. आणि खरी अडचण या चिठ्ठीतच आहे, जी मेसेजवाल्याच्या गावीही नाही. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असला तर दुकानदाराला स्वतःच्या अधिकारात त्याऐवजी दुसरी कंपनी देता येत नाही, औषध तेच असलं तरी. औषध नियमावलीतला ६५ वा नियम तसं सांगतो. म्हणजे डॉक्टरांनी औषधाचं मूळ, म्हणजे जेनेरिक नाव लिहिलं नाही तर केंद्र दारात असूनही उपयोग नाही. डॉक्टरांनी जेनेरिक नाव, ठळक आणि वाचता येईल असं लिहावं, हे त्यांच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते सक्तीचं केलं, डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि महिन्याच्या आत तो नियम स्थगित झाला. त्यामुळे मागून घ्यावं लागतं. “डॉक्टर, गोळीचं मूळ नावही लिहाल का?” एवढंच विचारायचं. बहुतेक जण लिहितात. काही जण तोंड वाकडं करतात, करू द्या.

आणि ‘जेनेरिक मेडिकल’ अशी पाटी असलेलं प्रत्येक दुकान जनऔषधी नसतं. काही खासगी दुकानांत पट्टीवर एमआरपी भरमसाट छापलेली असते आणि मग ‘सत्तर टक्के सूट’ दिली जाते. सूट किती यापेक्षा हातात बिल किती आलं ते बघा.

बारा टक्क्यांचा मुद्दा शिळा आहे. आवश्यक औषधांच्या कमाल किमती घाऊक महागाईच्या आकड्याने हलतात. तो आकडा २०२३ मध्ये १२.१२ टक्के होता, तेव्हा बातमी खरी होती. २०२४ मध्ये तो ०.००५५१ टक्के होता, तरी मेसेज तोच फिरला. आरोग्य मंत्रालयाला खुलासा करावा लागला. २०२५ मध्ये १.७४. उलट सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेहेतीस जीवरक्षक औषधांवरचा तर शून्यावर. आवश्यक औषधांच्या यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, हे खरंय. पण म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या उकाड्यात कपाटात भरून ठेवायच्या, हा कसला हिशेब?

आता आयुष्मान. पाच लाखांचं संरक्षण खरं आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता ते मिळतं, हेही खरं. महात्मा फुले योजनेतही आता पाच लाख, रेशनकार्ड पांढरं असलं तरी. पण दोन्हीकडचे पैसे रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांची औषधं बसतात, तीही त्याच रुग्णालयातून. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हे कार्ड दाखवून बीपीच्या गोळीची पट्टीसुद्धा मिळत नाही. खरं दुखणं इथे आहे. ऑपरेशनला लाखो रुपये देणाऱ्या योजना त्या ऑपरेशनची वेळ येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीला एक रुपया देत नाहीत. यावर कुणी मेसेज लिहिला तर मीही पुढे पाठवीन.

त्या रोजच्या गोळीसाठी आज मुख्य जागा दोन. एक जनऔषधी. दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. राज्याच्या आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, औषधं, अगदी केसपेपरही मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे पैसे मागितले म्हणून भांडू नका. बीपी-साखरेच्या साध्या गोळ्या आरोग्य केंद्रात असतात. ‘असतात’ म्हणजे असायला हव्यात. ‘स्टॉक संपलाय, बाहेरून घ्या’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. जनऔषधीतही दोन गोळ्या मिळतात आणि तिसरीला ‘पुढच्या आठवड्यात या’. चार-पाच दिवसांच्या गोळ्या हातात असतानाच जावं. ज्यांच्या घरात साठीपुढच्या माणसाचा आरोग्यविमा नाही आणि कर जुन्या पद्धतीने भरला जातो, त्यांनी औषधांची बिलं जपून ठेवावीत. प्राप्तिकरात पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते, मात्र पैसे रोखीने दिलेले नसावेत.

राहिली ती लिंक. आयुष्मान कार्डाला पैसे पडत नाहीत. चौकशी १४५५५ वर, महात्मा फुले योजनेची १५५३८८ वर. त्या मेसेजमधल्या लिंकवर ज्यांनी आधार आणि बँकेची माहिती भरली असेल त्यांनी आधी बँकेला फोन करून खातं सांभाळावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करावी, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकावं. आत्याने नशिबाने तेवढं केलं नव्हतं. तिला ओटीपी टाकता येत नाही.