मामाच्या अ‍ॅम्पला काडी लावा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

शनिवारी सकाळी साडेसातला मामाचा फोन. एवढ्या सकाळी फोन म्हणजे पोटात गोळाच येतो, पण निघालं भलतंच. "अगं, तो घराचा विमा यंदा राहू दे. तुला एक मेसेज टाकलाय, वाच. सगळी लूट आहे म्हणे."

मामा-मामी पार्ल्याला राहतात. मामा बँकेतून रिटायर झाला आणि मिळालेल्या पैशातला बराचसा हॉलच्या एका भिंतीपाशी जमा झाला: टर्नटेबल, आवाज मोठा करणारा ट्यूबवाला अ‍ॅम्प, कमरेएवढे दोन फ्लोअरस्टँडर स्पीकर आणि भिंतभर एलपी रेकॉर्ड. आज नव्यानं घ्यायचं म्हटलं तर सात-आठ लाख. मामी त्या भिंतीला "सवत" म्हणते.

मेसेजचं हेडिंग "साऊंड सिस्टिमवाल्यांनो सावधान", खाली मुद्दे, आणि शेवटी "इन्शुरन्स कंपनीतल्या एका मित्राने सांगितले". मित्राला नाव नाही. हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, मामाच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आला, सोमवारी माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला, तेव्हा म्हटलं आता एकदा बसून लिहूनच टाकते.

मी एजंट नाही. मामाची पॉलिसी दरवर्षी ऑनलाइन मी भरते म्हणून ते लांबलचक पीडीएफ नाइलाजानं वाचलंय एवढंच. 'भारत गृह रक्षा' असं त्या पॉलिसीचं नाव, आगीचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना 1 एप्रिल 2021 पासून इर्डानं (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ती ठेवायलाच लावलीय, आणि मूळ मजकूर सगळीकडे तोच. खालचं बरंचसं त्यातलंच आहे.

"एक लाखाच्या वरचे स्पीकर-अ‍ॅम्प लक्झरी धरतात, व्हॅल्युअरचं सर्टिफिकेट नसेल तर कव्हर नाही."

नाही हो. घरातल्या सामानाचे त्यात दोन कप्पे आहेत. एक साधं सामान: फर्निचर, इलेक्ट्रॉनिक वस्तू, स्वयंपाकघरातली उपकरणं, कपडे. इलेक्ट्रॉनिक वस्तू असं स्पष्ट लिहिलंय, आता स्पीकर त्यात नाही तर काय भाजीत मोडतो? दुसरा कप्पा मौल्यवान सामानाचा: दागिने, चांदीची भांडी, पेंटिंग, अँटिक. तो वेगळा मागून घ्यावा लागतो आणि किंमत आधीच ठरवून लिहितात. त्या दुसऱ्या कप्प्यात एकूण रक्कम 5 लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू 1 लाखापर्यंत असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लागत नाही, असा नियम आहे. फॉरवर्डवाल्यानं तो एक लाख इथून उचलला असणार आणि दागिन्यांचा नियम स्पीकरला चिकटवला. एवढं मात्र कबूल, की चोर बाजारातून आणलेला चावीचा ग्रामोफोन किंवा दुर्मिळ रेकॉर्ड असेल तर ते प्रकरण अँटिककडे झुकतं, ते गृहीत धरू नका, विचारून वेगळं लिहून घ्या.

"आठ लाखाच्या सिस्टिमला वर्षाला वीस-पंचवीस हजार हप्ता."

हा आकडा कुठून आला देव जाणे. आग, पूर, वादळ, भूकंप एवढ्याचा दर राहत्या घराला हजार रुपयांच्या सामानामागे वर्षाला एक रुपयाही पडत नाही. म्हणजे आठ लाखाला आठशेच्या आतच. चोरीचं कव्हर जोडलं की वाढतो, हातातून पडण्या-फुटण्यापर्यंत सगळं हवं असेल तर 'ऑल रिस्क' घ्यावं लागतं आणि ते खरंच महाग पडतं. म्हणून सगळ्याच वस्तूंना ऑल रिस्क घेऊ नये. फ्लोअरस्टँडर काय हातातून पडणार आहेत? ज्यांची सुई कामवालीच्या फडक्यात अडकून तुटू शकते त्यांनी कार्ट्रिजपुरता, म्हणजे सुई बसवलेल्या त्या छोट्या भागापुरता, विचार करावा.

स्वस्तात बसवायचं तर आणखी एक गोष्ट. फ्लॅट स्वतःचा असेल आणि इमारतीचा भाग विम्यात घेतला तर त्या रकमेच्या 20 टक्के इतकं साधं सामान आपोआप धरतात, कमाल 10 लाख, यादीसुद्धा द्यावी लागत नाही. पण ही रक्कम बांधकामाच्या खर्चावर निघते, फ्लॅटच्या बाजारभावावर नाही. पार्ल्यातला फ्लॅट तीन कोटींना जात असेल म्हणून तीन कोटी लिहायचे नसतात, जमीन काही जळत नाही. 800 चौरस फूट आणि बांधकाम फुटाला 4000 धरलं तर 32 लाख, त्याचे 20 टक्के 6 लाख 40 हजार. मामाची एकटी सिस्टिमच त्याच्या वर जाते, मग फ्रीज, टीव्ही, कपाटं कशात बसवायची? म्हणून आम्ही सामानाची रक्कम वेगळी वाढवून घेतो, त्याला थोडेच पैसे पडतात.

"सोसायटीचा विमा असतोच, त्यात सगळं येतं." सोसायटी काढते तो इमारतीचा. तुमचा सोफासुद्धा त्यात नाही.

"भाडेकरूला मिळत नाही." मिळतो, फक्त सामानाचा घ्यायचा. पुढे.

"आता विम्यावर जीएसटी शून्य आहे, 18 टक्के मागणारा एजंट चोर." सप्टेंबर 2025 मध्ये शून्य झाला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा. घराच्या विम्यावर 18 टक्के आहेच. एजंटला उगाच शिव्या घालू नका, त्यासाठी दुसरी कारणं मिळतील.

"घसारा कापतात, दहा वर्षं जुन्या स्पीकरचे शून्य रुपये हातात येतात." हे अर्धं खरं आहे. जुन्या पद्धतीच्या हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसीत घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून उतरलेली किंमत, कापायचे, आणि सामानाची किंमत कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जायची. ज्यांनी तो अनुभव घेतलाय त्यांचा राग मी समजू शकते. भारत गृह रक्षात साध्या सामानाला एकतर दुरुस्तीचा खर्च किंवा तशीच वस्तू आज घ्यायला लागेल तो खर्च, असं आहे, आणि रक्कम कमी लिहिली म्हणून प्रमाणात कापाकापी नाही. लिहिलेल्या रकमेच्या वर मात्र छदाम मिळणार नाही. इम्पोर्टेड अ‍ॅम्पची दहा वर्षांपूर्वीची किंमत लिहून बसलात तर तुमची तुम्ही जाणे.

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं. मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं: "व्होल्टेज वाढून अ‍ॅम्प गेला तर क्लेम मिळत नाही, पण आग लागली तर मिळतो. त्यामुळे पडदा थोडा जाळून घ्यावा व शॉर्टसर्किटने आग लागली असे सांगावे."

आणि खाली हसणारी स्मायली.

मामानं विचारलं, "हे खरंय का गं?" विचारलं हं त्यानं. चाळीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला माणूस. कारण त्याचा खरोखरच एक अ‍ॅम्प असा गेलाय. तीन वर्षांपूर्वी बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये न्यूट्रलची तार ढिली झाली, 230 च्या जागी घराघरात व्होल्टेज भलतीकडे चढलं, शेजारच्यांचा टीव्ही, वरच्यांचा फ्रीज आणि मामाचा आधीचा अ‍ॅम्प एका मिनिटात गेले. मामा सांगतो की आधी दिवे एकदम लख्ख झाले, मग एक टक् असा आवाज, आणि गाणं मध्येच थांबलं. त्याचा क्लेम मिळाला नाही. ती जखम अजून ओली आहे आणि असले मेसेज नेमके तिथेच बोट घालतात.

तर क्लेम का नाही मिळाला ते आधी. पॉलिसीत लिहिलंय की शॉर्टसर्किट, आर्किंग, आपोआप तापणं, विजेची गळती यांनी एखादं विजेचं उपकरण गेलं तर त्या उपकरणाची भरपाई नाही. अगदी वीज कोसळून झालं असलं तरी नाही. पण त्याला लागूनच पुढचं वाक्य आहे, ते कोणी वाचत नाही: हा नकार फक्त त्या एका उपकरणापुरता. म्हणजे अ‍ॅम्पमध्ये शॉर्ट होऊन आग लागली आणि ती स्पीकर, एलपी, पडदे, सोफा यांना लागली तर बाकी सगळ्याची भरपाई आहे. नाही ती फक्त त्या अ‍ॅम्पची.

आता पुन्हा वाचा तो दिव्य सल्ला. "शॉर्टसर्किटने आग लागली असे सांगावे." म्हणजे ज्या अ‍ॅम्पचे पैसे हवेत त्याच अ‍ॅम्पला तुम्ही स्वतःच्या तोंडानं त्या कलमात नेऊन बसवताय! फार तर जाळलेल्या पडद्याचे मिळतील. पडद्याचे! बरं, नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर येतो तो काय नुसता चहा प्यायला येतो का? तो मशीन उघडून बघणार. आत फ्यूज उडालाय, कपॅसिटर फुगलाय आणि बाहेर पॅनेल चकचकीत, मागे पडदा मात्र काळा, हे त्याला दिसणार नाही असं ज्याला वाटतं त्यानं मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, कुठल्याही रिपेअरवाल्याच्या काउंटरपाशी दहा मिनिटं उभं राहून बघावं, तो माणूस नुसता वास घेऊन सांगतो काय जळलंय. खोटा क्लेम सापडला की क्लेम जातो, पॉलिसी जाते, भरलेला हप्ता जातो, वर केस होऊ शकते ती वेगळीच.

आणि हे सगळं सोडा. पाइपचा गॅस आलेल्या घरात, वर चार मजले, खाली दोन, जिन्यात कोणाची तरी सायकल आणि कोणाचं तरी जुनं कपाट, तिथे सत्तरी ओलांडलेल्या माणसानं "पडदा थोडा जाळून" घ्यायचा? थोडा म्हणजे किती? आगीला कोण सांगणार की बास, एवढाच? ज्यानं हे लिहिलं त्याचा मला खरंच संताप आलाय, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांमध्ये माझा सख्खा चुलतभाऊ आहे, त्याला हे वाचून राग आला तर येऊ दे.

व्होल्टेजसाठी सरळ उपाय आहेत. काही कंपन्या उपकरण बिघडण्याचं कव्हर वेगळं देतात, त्यात वस्तूच्या वयाची अट असते का ते बघून घ्या. नाहीतर चांगला स्टॅबिलायझर, अर्थिंग तपासून घेणं, आणि मीटर रूमकडे सेक्रेटरींचं लक्ष वेधत राहणं. मामानं तो अनुभव आल्यावर स्टॅबिलायझर घेतलाय. त्याच्या मते त्यानं बास थोडा कमी झाला. असो.

अजून दोन भोकं फॉरवर्डमध्ये नाहीत पण सांगून ठेवते. घराबाहेर नेलेली वस्तू कव्हरमध्ये नाही, म्हणजे अ‍ॅम्प रिपेअरला गेला की तेवढे दिवस तो रामभरोसे. आणि वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून पाणी आलं तर भरपाई आहे, पण भिंतीला दर पावसाळ्यात येणारी ओल भरपाईच्या यादीत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला, तळमजल्यावर राहणाऱ्यांना पूर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, तो मात्र यादीत आहे.

राहिली चोरी. "कुलूप तुटलेलं नसेल तर चोरीचा क्लेम देत नाहीत." हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतंय. मुळात भारत गृह रक्षात साधी घरफोडी नाहीच, आग-पुरासारखी घटना घडली आणि त्यामुळे 7 दिवसांत सामान चोरीला गेलं तरच आहे. घरफोडीचं कव्हर वेगळं जोडावं लागतं, आणि त्यातही बळजबरीनं आत शिरल्याची खूण लागते. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टानं युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या केसमध्ये तेच म्हटलं, की पॉलिसीत तशी व्याख्या असेल तर नुसती चोरी पुरत नाही, जबरदस्ती दिसली पाहिजे. मला हा अन्याय वाटतो, पण आहे ते आहे. यावर "मग कडी स्वतःच उचकटून ठेवा" हा मेसेजमधला उपाय म्हणजे पुन्हा तोच पडद्याचा भाऊ. क्लेम नाकारला आणि पटत नसेल तर कंपनीकडे तक्रार करा, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत, मुंबईचं ऑफिस सांताक्रूझलाच, फी नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.

रविवारी पार्ल्याला गेले. मामा अ‍ॅम्पच्या मागे मोबाइलची टॉर्च धरून सीरियल नंबर वाचत होता, "आठ आहे की बी आहे गं हे?" मी लिहून घेत होते. माळ्यावरून खोकी काढली, बिलं निघाली, त्यातलं टर्नटेबलचं थर्मल पेपरवरचं, पूर्ण कोरं झालेलं. कार्डाच्या स्टेटमेंटमधली ती एंट्री शोधली, प्रत्येक वस्तूचे फोटो काढून दोघांच्या मेलवर टाकले, पॉलिसी भरली, घरफोडीचं कव्हर जोडलं.

निघताना चपला घालायला गेले तर शू रॅकच्या वरच्या खणात, पॉलिशच्या डबीखाली, लॅचची जादा किल्ली. मी मामीला म्हटलं, ही इथून कोणी घेतली आणि दार उघडून शिरला तर कुलूप तुटणार नाही, आणि मग एक पैसा मिळणार नाही.

मामी म्हणाली, "आणि सकाळी कामवाली येते तेव्हा मी अंघोळीला आणि हे वॉकला. दार कोण उघडणार, तुझी कंपनी?"